नातवाला सापाची पिल्लं काढायचीत?

मैत्रिणींनो, मागे एकदा याच पानावर मी आमच्या घरातल्या सापाचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून मला वाटत होतं की तुम्ही मला वाळीत टाकणार. तसं काही झालं नाही. उलट परवा मिरजेहून एका आजींचं पत्र आलं. त्यांचा लेक आणि सून इंग्लंडातच असतात. बारा वर्षांच्या नातवाकडे कॉर्न स्नेक जातीचा साप आहे आणि आता त्याला जोडी जमवून पिल्लं काढायची आहेत. सून फोनवर रडकुंडीला आली. आजी विचारतात, "तुमच्याकडे झालंय म्हणे हे सगळं. तिला काय सांगू?"

झालंय खरं. सगळंच काही छान झालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी. हे सगळं इथलं, परदेशातलं आहे. आपल्याकडे नाग, धामण, कवड्या, तस्कर, कुठलाही साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा लेख वाचून एखाद्या बंडूने परसातली धामण डब्यात घालू नये. साप घरात शिरला तर सर्पमित्राला बोलवायचं, एवढंच आपलं काम.

तर कॉर्न स्नेक. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, शेतात आणि धान्याच्या कोठारांत उंदीर खाऊन राहणारा बिनविषारी साप. पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारखी काळीपांढरी चौकट असते. तीन ते पाच फूट वाढतो, स्वभावाने गरीब, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हा शेवटचा आकडा सुनेला आधी ऐकवा. नातू कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, पण साप आईच्याच घरी राहील.

आमची केशर शेंदरी रंगाची. चिरंजीवांनी दोन वाढदिवसांचे पैसे साठवून ती घेतली, म्हणजे घेतली आम्ही, कारण इंग्लंडात सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. पहिली दोन वर्षं सुखाची गेली. मग चिरंजीवांनी वहीत आकडेमोड केली. एका खेपेला दहा ते वीस अंडी, पिल्लू इतक्या पौंडांना, म्हणजे नवी सायकल! ती वही अजून माझ्याकडे आहे. जमेच्या बाजूला मोठमोठे आकडे आहेत आणि खर्चाची बाजू कोरी आहे. मुलांच्याच कशाला, पुष्कळ पुरुषांच्या वह्यासुद्धा अशाच असतात.

नर आला शेजारच्या मित्राकडून, उसना. त्याचं नाव रॉकी. उसन्या जनावराबरोबर काय काय येतं ते आम्हाला कुठे ठाऊक! सापांना बारीक गोचिडीसारखे किडे होतात, पोटाचे आजार होतात, आणि ते एकमेकांना लागतात. नवा साप निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा. आमचं नशीब म्हणून रॉकी निरोगी निघाला. दुसरं म्हणजे तो खरोखर नर आहे का, हे जाणकाराकडून बघून घ्या. नराची शेपटी लांब आणि मुळाशी जाडसर असते, पण नुसत्या नजरेवर विसंबून दोन नरांची वर्षभर जोडी जमवत बसलेले लोक आहेत. शिवाय दोन्ही एकाच दुकानातले असतील तर सख्खी भावंडं नाहीत ना, हे विचारायचं. लग्न जमवताना आपण गोत्र बघतो, तसंच.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी चूक.

सापवाल्या जुन्या मंडळींचा एक साधा नियम आहे: मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय जोडी लावायची नाही. केशर तेव्हा पुरती तीनची नव्हती. चिरंजीव म्हणाले, "आई, दोनशे सत्तर आहे, फक्त तीसच ग्रॅम कमी!" मी आपली मीठ चिमटीने आणि साखर मुठीने मोजणारी. मला तीस ग्रॅम म्हणजे काहीच वाटलं नाही. दोन महिने आम्ही तिला भराभर उंदीर खाऊ घातले आणि काट्यावर तीनशे आणले. आता कळतं की ते वजन चरबीचं होतं. जोर स्नायूंत लागतो, आणि तो भरवून येत नाही, वयाने येतो. आपल्याकडे मुलीला लग्नाआधी तूप-रोटी खायला घालून अंगावर आणायचे ना, तोच प्रकार.

नोव्हेंबरात खाणं बंद केलं. थंडीत ठेवण्याआधी निदान दोन आठवडे पोट रिकामं करायचं असतं, कारण गार झालेल्या सापाला पचत नाही, पोटातलं अन्न कुजतं आणि साप दगावतो. मग दोघांना आपापल्या पेटीत गॅरेजमध्ये, दहा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या थंडीत, अंधारात, दोन महिने ठेवलं. पाण्याची वाटी तेवढी रोज भरलेली हवी. त्या दोन महिन्यांत ह्यांनी गाडी बाहेर बर्फात उभी केली आणि रोज काच खरवडताना काय काय बोलले, ते संपादकबाई छापणार नाहीत. काही लोक थंडी न देताही पिल्लं काढतात, पण रानात ह्या सापाला हिवाळा असतो आणि वसंतात तो जागा होतो, म्हणून आम्ही शहाणपण केलं.

फेब्रुवारीत ऊब दिली, खाणं सुरू झालं. मार्चअखेर केशरने कात टाकली, तेव्हा रॉकीला तिच्या पेटीत सोडलं. पुढचं निसर्गावर सोपवावं. मुलं दाराशी गर्दी करत होती, त्यांना मी भाजी निवडायला बसवलं.

मादी दिसू लागते ती महिन्याभराने. शेपटीकडची बाजू फुगते, खाणं नकोसं होतं, आणि अंडी घालायच्या आधी आठ-बारा दिवस ती पुन्हा कात टाकते. ती तारीख लिहून ठेवा. पेटीत एक झाकणाचा डबा, त्याला वाटीएवढं भोक आणि आत ओलसर शेवाळ ठेवायचं. आमचा आईस्क्रीमचा डबा कामी आला. १४ मे २०२४ ला सकाळी शाळेत जायच्या आधी बघितलं तर अकरा अंडी! कोंबडीसारखी टणक नसतात, चामड्यासारखी मऊ आणि एकमेकांना चिकटलेली. चिरंजीव नाचले. मी तिच्या पोटावरून हलकंच बोट फिरवलं तर खालच्या बाजूला दोन गाठी.

दोन अंडी आत अडकली होती.

एक दिवस गेला, दुसरा गेला. केशर त्या डब्यात शिरायची, वळसे घालायची, परत बाहेर यायची. बाळंतपणात आपण ज्या कळा सोसतो त्यात निदान ओरडता तरी येतं. हिला आवाजच नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकली आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पहिले दोघे म्हणाले, आम्ही साप बघत नाही. तिसरे पन्नास मैलांवर. त्यांनी इंजेक्शन देऊन बघितलं, काही झालं नाही, मग पोट उघडून अंडी काढली. केशर वाचली. पिल्लं मात्र तिला पुन्हा होऊ द्यायची नाहीत, असं त्यांनी बजावलं. आमची घाईच कारण झाली का, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. अंडं वेडंवाकडं असलं तरी अडकतं, म्हणाले. पण घरी येताना गाडीत चिरंजीव तोंड फिरवून बसले होते आणि मला ते तीस ग्रॅम आठवत होते. बिल सायकलीच्या कितीतरी पुढे गेलं.

म्हणून सुनेला पहिलं काम हे सांगा की साप बघणारे डॉक्टर आपल्या गावाजवळ आहेत का, ते आधी शोध आणि नंबर लिहून ठेव. ते नसतील तर जोडी लावायचीच नाही. बाकीचं सगळं नंतर.

अंड्यांचं म्हणाल तर ते काम आपल्या हातचं आहे. व्हर्मिक्युलाईट नावाचा अभ्रकासारखा भुगा मिळतो, तो ओलसर करायचा. किती ओला? बेसनाच्या लाडवाचं मिश्रण मुठीत दाबून बघतो ना, तसा गोळा व्हावा, पण पाण्याचा थेंब टपकू नये. त्यात अंडी अर्धी रुतवून ठेवायची, डब्याला झाकण, आणि डबा थर्माकोलच्या पेटीत, खाली गरम होणारी चटई आणि तिला तापमान धरून ठेवणारं यंत्र. अठ्ठावीस अंश, साठ दिवसांच्या आसपास. मला वाटलं होतं टॉवेल ठेवायच्या उबदार कपाटात काम भागेल, पण ते पाणी तापलं की तापतं आणि रात्री गार पडतं. नको. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंडी जशी घातली तशीच राहिली पाहिजेत. कोंबडी उलटीपालटी करते म्हणून आपणही करायला जाऊ नये, सापाच्या अंड्यातला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटला तर गुदमरतो. पेन्सिलीने वर हलकी खूण करून ठेवा. चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका. अकरातली दोन पिवळट आणि आक्रसलेली होती, मनुकांसारखी, ती फुकट. नऊ ठेवली.

एक सांगायचं राहिलं, नर नसतानाही मादी अशी फुकट अंडी घालू शकते, त्यामुळे एकटी मादी पाळणाऱ्यांनीही तो आईस्क्रीमचा डबा तयार ठेवावा.

जुलैच्या मध्याला अंडी चेपल्यासारखी दिसू लागली. मी घाबरले, पण ते चांगलं लक्षण असतं. एका सकाळी एकाला चीर पडली आणि आतून इवलंसं नाक! ओढून काढायचं नाही, पिल्लू दिवस-दोन दिवस तसंच बसतं, उरलेला बलक पोटात घेतं आणि आपल्या वेळेला येतं. नवातली आठ निघाली, एक आतच मेलेलं. पेन्सिलीएवढी जाडी आणि वीतभर लांबी. आणि सगळी तपकिरी!

चिरंजीवांचा चेहरा पडला. आई शेंदरी, मग पिल्लं का नाहीत? ह्यांनी कॉलेजातला मेंडेल बाहेर काढला. हा शेंदरी रंग काळं द्रव्य नसल्यामुळे येतो आणि तो दबून राहणारा गुण आहे, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. रॉकी साधा. हे ज्यांनी पहिल्यांदा दाखवलं ते बेक्टेल नावाचे अमेरिकेतले त्वचारोगाचे डॉक्टर. १९५३ साली रानात असा एक काळेपणा नसलेला नर सापडला होता, त्यांनी त्याची साध्या मादीशी जोडी लावली. पहिल्या पिढीतली सगळी साधी, लालकेशरी पिल्लं निघाली ती पुढच्या पिढीत, १९६१ साली. पुढच्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून त्यावर लेख लिहिला. आठ वर्षं! (पत्नीचं नाव लेखावर आहे हे मला फार आवडलं. आठ वर्षं त्या घरात उंदीर कोण वितळवत असेल, याचा मला अंदाज आहे.) चिरंजीवांना आठ आठवडेही निघत नव्हते.

पिल्लं निघाली की काम संपलं असं वाटतं, पण सुरू होतं तिथून. आठ पिल्लं म्हणजे आठ डबे, एकत्र ठेवता येत नाहीत, एक दुसऱ्याला गिळू शकतं. आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकतात, मग पहिलं खाणं. उंदराची नुकती जन्मलेली गुलाबी पिल्लं, गोठवलेली मिळतात. हे वाचताना तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय, माझाही तसाच झाला होता. ती कोमट पाण्यात पिशवीसकट वितळवायची, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. आमच्या फ्रीजरमध्ये ओला नारळ, मोदकांच्या पाऱ्या आणि उंदीर असा त्रिवेणी संगम पहिले सहा महिने होता. मग मी हट्टाने गॅरेजसाठी छोटा वेगळा फ्रीजर घेतला. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असतात, साप ठणठणीत असला तरी. त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाहीत, साप हाताळला की साबणाने हात, आणि पाच वर्षांच्या आतलं मूल किंवा गर्भार बाई घरात असेल तर माझं सरळ मत आहे, हा उद्योग पुढे ढकला.

आठातली पाच पहिल्याच खेपेला जेवली. सहावं दुसऱ्या खेपेला. दोन मात्र तोंड फिरवून. रानात ही पिल्लं सुरुवातीला पाली, सरडे, बेडूक खातात, त्यांना उंदराचा वास ओळखीचा नसतो. कुणी सांगितलं साबण न लावता धुऊन द्या, धुतलं. रात्रभर छोट्या डब्यात दोघांना एकत्र ठेवा, म्हणजे साप आणि खाणं, ठेवलं. काही नाही. शेवटचा उपाय असा की त्या पिल्लाचं डोकं ब्लेडने किंचित चिरायचं, म्हणजे वास सुटतो.

आणि दिवस उजाडला ९ ऑगस्ट, नागपंचमीचा. सासूबाई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे होत्या. त्यांनी पाटावर गंधाने नाग काढला, मी दिंडं उकडली. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. विळी आदल्या रात्रीच उचलून ठेवलेली. वरच्या खोलीत दोन पिल्लं चार आठवड्यांची उपाशी, अंगाला सुरकुत्या पडलेल्या. चिरंजीव ब्लेड घेऊन जिन्यात उभे, आणि माझ्या तोंडून हो येईना, नाही येईना. "उद्या कर," म्हणावं तर उद्याचा भरवसा नाही.

सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नियम कुणासाठी आहे गं? त्याला लागू नये म्हणूनच ना? मग त्याच्याच पोटासाठी काप. मी बघत नाही." आणि खरंच पाठ करून बसल्या.

एका पिल्लाने त्या रात्री गिळलं. दुसऱ्याने नाही. त्याला आणखी दोन आठवडे सगळं करून पाहिलं. जबरदस्तीने भरवण्याचाही प्रकार आहे, पण नवशिक्याच्या हातून जबडा मोडतो, म्हणून तो आम्ही केला नाही. ऑगस्टच्या शेवटी ते गेलं. चिरंजीवांनी ते गुलाबाखाली पुरलं आणि वहीत खर्चाच्या बाजूला पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. काय ते मला दाखवलं नाही.

राहिली सात. निदान तीन-चार वेळा नीट जेवल्याशिवाय पिल्लू कुणालाही द्यायचं नाही. तोवर आम्ही गिऱ्हाईक शोधत होतो, आणि शोधताना कळलं की साध्या रंगाच्या कॉर्न स्नेकना भाव नाही, दुकानं भरलेली आहेत. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी तीन नेली. दुकानदाराने दोन ठेवून घेतली, मोबदल्यात गोठवलेले उंदीर दिले! एक चिरंजीवांच्या वर्गमित्राकडे, त्याच्या आईशी मी स्वतः बोलल्यावर. एक घरीच. म्हणून सुनेला दुसरं सांगा: जोडी लावायच्या आधी नातवाला दहा घरांची नावं कागदावर लिहायला लावा, मोठ्यांच्या होकारासकट. नावं भरली नाहीत तर कागद पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. उरलेली पिल्लं बागेत सोडून देणं इथे गुन्हा आहे, १९८१ चा कायदा आहे. आणि धंदा म्हणून विकायची तर इंग्लंडात २०१८ च्या नियमांनुसार कौन्सिलचा परवाना लागतो. हौस कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे कौन्सिललाच विचारावं.

मिरजेच्या आजी, तुम्ही विचारलंत, नातवाला नाही म्हणावं का? मी तसं म्हणणार नाही. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात मुलगा रात्री दोनदा उठून तापमान बघायचा, जो एरवी अंथरूणसुद्धा घडी करत नाही. पण त्याला वर्षभर थांबायला लावा, मादीचं वजन दर महिन्याला लिहायला लावा, आणि घाईने खाऊ घालू देऊ नका. आणि सुनेला सांगा, सापासाठी काटा वेगळा घे, स्वयंपाकघरातला देऊ नकोस.

केशर आता बरी आहे. पोटावर टाक्यांची रेघ राहिली आहे, कात टाकली की कातेवरही ती दिसते.

पुढच्या आठवड्यात, बऱ्याच जणींनी विचारलं आहे म्हणून, गोठवलेल्या ओल्या नारळाच्या वड्या खरखरीत का होतात ते बघू. नारळाला आता फ्रीजर मोकळा आहे.